ताटाच्या काठावरचं नाव

(बिदर, नौबाद. दवाखान्यातून परतल्यावर सासू-सून स्वयंपाकघरात. बाहेरच्या खोलीत टीव्हीवर बातम्या.)

सिद्धव्वा : ...अन् चार बायांसमोर तुझ्या फोनमधला ताटाचा फोटू बोटानं मोठा करून इचारली ती जेवणाची मॅडम. ‘आजी, ताटाच्या काठावर पुरुषाचं नाव लिहिलंय. हे कोण?’ नवऱ्याचं नाव मी जन्मात तोंडानं घेतले न्हाई. काय सांगू तिला?

चैत्रा : मी सांगितलं ना आत्याबाई, सासरे म्हणून.

सिद्धव्वा : सांगितलीस. मग ती म्हणाली, ‘बाळ यांच्या पोटात आहे का?’ बाकड्यावरच्या बाया तोंडाला पदर लावून हसायल्या. मला भुई फाटावी असं झालं.

चैत्रा : चूक माझीच आहे.

सिद्धव्वा : पोटातलं लेकरू वाढंना, तुझ्या अंगात रगत न्हाई. अन् फोनमधल्या त्या जेवणाच्या ॲपात तुझ्या नावानं रोज भाकरी, डाळ, पुंडीची पालेभाजी, दही. खाणं एवढं चांगलं हाय, मग रोग दुसराच असंल म्हणून डॉक्टरीण गोळ्या बदलायली, तपासण्या लिहायली. सगळं फुकट.

चैत्रा : लिहिलेलं खोटं नव्हतं. भाकरी काट्यावर ठेवून वजन बघायचे, मगच भरायचे.

सिद्धव्वा : व्हय, भाकर खरी. गेली कुणाच्या पोटात?

चैत्रा : मामांच्या.

सिद्धव्वा : कामून केलीस असं?

चैत्रा : पहिल्या दिवशी माझंच भरलं होतं. अर्धी भाकर, पातेल्याला लागलेली डाळ, लोणचं. खाणं कमी म्हणून लगेच लाल पट्टी आली. ते पुण्यात ह्यांच्या फोनवर दिसतं, माझ्या अनिलकुमारदादालाही जोडून दिलंय ह्यांनी. माहेरी कळलं असतं. सासरी दुकान आहे, संतपूरला शेत आहे, अन् लेक अर्धी भाकर खाते. मी पुसून टाकलं. दुसऱ्या दिवशी मामांचं वाढलेलं ताट समोर होतं, त्याचा फोटो काढला. हिरवी पट्टी आली.

सिद्धव्वा : म्हंजे माझी लाज झाकायलीस तू?

चैत्रा : माझीपण.

सिद्धव्वा : मी कवा खाऊ नको म्हणले तुला?

चैत्रा : कधीच नाही.

सिद्धव्वा : हात धरले का?

चैत्रा : नाही. तुम्ही ‘जेव’ म्हणताच. पण म्हणता तेव्हा टोपल्यात उरलेलं दोघींचं असतं. मी दोन भाकरी घेतल्या असत्या, तर तुम्ही काय खाल्लं असतं?

सिद्धव्वा : आणखी थापायची की! पीठ काय सरलंय घरातलं?

चैत्रा : तुम्ही कधी थापली, आत्याबाई? फक्त तुमच्यासाठी?

सिद्धव्वा : ...तवा घासून ठेवल्यावर कोण परत चढवतंय.

चैत्रा : तेच.

सिद्धव्वा : तुझा नवरा, माझा अमरेश, झाला तवा एवढुसा होता. सुपात घातला तर सूप रिकामंच दिसायचं. बाया इचारायच्या. मी म्हणायचे, आमच्या घराण्यात लेकरं बारीकच व्हतेत.

बसवंतप्पा : (बाहेरून) अगं, ऐकायलीस का? बातम्या सरल्या. ताट झालं का?

सिद्धव्वा : थांबा जरा!

बसवंतप्पा : डॉक्टरीण काय म्हणाली?

सिद्धव्वा : तुमचं खाणं बराबर हाय म्हणाली.

बसवंतप्पा : माझं? मी कवा गेलतो?

चैत्रा : आत्याबाई, नका ना सांगू त्यांना.

सिद्धव्वा : सांगू दे. तुमच्या ताटाचा फोटू ही आपल्या नावानं भरायलती. तुम्ही जेवल्यावर हिच्यासाठी काय उरायचं ते सांगायला लाज वाटायलती हिला.

बसवंतप्पा : (दारात येऊन) असं कसं? तुम्हीच तर ‘आणखी एक?’ म्हणून घालता. मला वाटायलं, आत लई हाय. एवढ्या वर्षांत टोपलं रिकामं हाय म्हणून कुणी बोललं न्हाई.

सिद्धव्वा : कसं बोलावं? तुम्ही कवा आत येऊन बघितलात?

बसवंतप्पा : ...न्हाई बघितलो. चैत्रम्मा, आधी तू बस. माझ्याच ताटात घे.

चैत्रा : मामा, तुमच्या ताटात नको.

बसवंतप्पा : मग तुझं ताट कोणतं?

चैत्रा : माझं... मी टोपल्याच्या झाकणावरच घेते. आत्याबाई घेतात तसं.

बसवंतप्पा : लग्नात हिच्या माहेरची भांडी आलती, नावं घालून. ती कुठं हायेत?

सिद्धव्वा : पेटीत. पाव्हण्यांसाठी ठेवलेत.

बसवंतप्पा : काढ. मी बाहेर बसतो. हल्लू होऊ द्या, मला घाई न्हाई.

सिद्धव्वा : (पेटीतून ताट काढून) बघ, तुझं ताट फडक्यात हाय तसंच. एक ओरखडा न्हाई. बस आता. ही भाकर घे. ही दुसरी. दही घे.

चैत्रा : फोटो काढू?

सिद्धव्वा : आता कशाचा? खाऊन झाल्यावर काढ, रिकाम्या ताटाचा.

चैत्रा : तुम्ही समोर बसलात की माझ्या गळ्याखाली उतरणार नाही.

सिद्धव्वा : मी कुठं बसायले. पीठ घेते अजून, दोन मला लागतील. जेव तू. माझं तोंड तव्याकडं हाय.