मला दाराबाहेर बसवणारे वकील

अध्यक्ष महाराज, व्यासपीठावरील मान्यवर मंडळी, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते श्यामलालजी वकील, आणि समोर बसलेल्या माझ्या मायबहिणींनो, भावांनो,

मी नवेगाव बांधचा बिसराम. धानाची शेती करतो, भाषणं करत नाही. पण वकीलसाहेब वकिली आटोपून जबलपूरला मुलाकडे चालले, तेव्हा मी गप्प कसा बसणार?

कामठ्याचे दुधराम तेंदूपानांचे व्यापारी. त्यांच्या पुष्पाला माझ्या मुलासाठी मागणी घालायला मी गेलो, तर नेमकी त्याच दिवशी त्यांची गोंदियात इन्कमटॅक्सच्या साहेबांपुढे पेशी. पाहुण्याला घरी एकटं कसं ठेवायचं? मलाही सोबत नेलं. डाकबंगल्यात साहेब जबाब घेत होते. दुधरामांच्या बाजूला वकीलसाहेब, आणि मीही खुर्ची ओढून तिथंच बसलो.

साहेबांनी विचारलं, "दुकान एकच?"

होणारा व्याही शेजारी बसलेला. दुधरामांनी मिशीवरून हात फिरवला. "एक कायचं साहेब, कामठ्याले आहे, आमगावले आहे, तिरोड्याले आहे. मोठा कारभार चालून राहिला."

साहेब लिहीत गेले. इतक्या हौसेनं स्वतःवर कर ओढवून घेणारा इसम त्यांनी साऱ्या नोकरीत पाहिला नसावा.

वकीलसाहेबांनी आधी दुधरामांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. उठून म्हणाले, "हुजूर, बयान खानगी होता है. बाहर का आदमी बाहर बैठे. और दस्तखत से पहले पूरा पढ़कर सुनाया जाए, गलती हो तो ये सुधार सकें. ये इनका हक है."

साहेबांनी मान डोलावली.

"बाहरचा कायले? मी तं व्याही होणार आहो जी," मी म्हटलं.

"इसीलिए," वकीलसाहेब म्हणाले, आणि त्यांनी दार लावून घेतलं.

खरं सांगतो, मला भारी राग आला. पण ओसरीत बसल्या बसल्या रागापेक्षा धास्तीच वाढली. तीन दुकानांच्या घरची पोरगी माझ्या बांधीत, धानाच्या चिखलात कशी नांदेल? मी ठरवलं, नाही म्हणायचं. स्टेशनाची वाट धरायला उठलोसुद्धा.

तेवढ्यात दुधराम बाहेर आले. आत त्यांचाच जबाब त्यांना वाचून दाखवला, तेव्हा त्यांना घाम फुटला होता म्हणे. सगळं दुरुस्त करून मगच सही केली. माझ्यापुढे खाली मान घालून उभे राहिले.

"व्याही, तुमच्यासमोर मी बाता मारल्या. दुकान एकच आहे, तेही भाड्याचं."

"मंग पहिलेच काऊन नाही सांगितलं जी? मी तं नाही म्हणून निघून राहिलो होतो."

तिथंच, डाकबंगल्याच्या पायरीवर, लग्न पक्कं झालं. दुधरामांनी कर भरला तो एका दुकानाचा, रीतसर. आणि पुष्पा माझ्या घरी अशी नांदते, की बांधीवरचे गडी मला सोडून तिलाच विचारतात. आत काय काय बोलणं झालं, ते मी वकीलसाहेबांना कितीदा विचारलं असेल. त्यांनी आजवर सांगितलं नाही. कळलं ते दुधरामांच्याच तोंडून. दुधराम, तिथून डोळे वटारू नका, तुम्हाला विचारूनच बोलून राहिलो.

माझ्या बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर खेड्यातला माणूस म्हणून पोटात घाला. इतका वेळ ऐकून घेतलंत, तुमचे उपकार आहेत. आता शेवटचं. वकीलसाहेब, तुम्ही मला दाराबाहेर बसवलं नसतं, तर दुधराम आपल्या बातांवर सही करून मोकळे झाले असते, आणि पुष्पासारखी सून सोडून मी घरी गेलो असतो. बाहेर काढल्याबद्दल कोणी कोणाचे आभार मानलेले ऐकले आहेत का? मी मानतो.