ताईच्या विहिरीचं गणित

माणूस वारल्यावरही पास-नापास होतो का हो? मी सगळ्यांना विचारत सुटलो.

माझी ताई पर्यावरणात एम.एस्सी. करत होती. मे महिन्यात आमच्या विहिरीत किती पाणी राहील, हे तिने कॉम्प्युटरवर गणित मांडून काढलं होतं.

मी म्हणायचो, "काऊन डोकं फोडून राह्यली ताई? वाकून पाह्य ना!"

"वाकून आजचं दिसते बे. मले पुढचं पाह्यचं हाय."

उन्हाळ्याआधीच ताई गेली. गणित जुळलं का, ते बघायला मे महिन्यात तिचे सर येणार होते. पाणी तिच्या आकड्यापेक्षा बरंच खाली होतं. मी टँकर बोलावून विहिरीत रिकामा केला.

सरांनी टेप सोडला. "अरे, पाणी तर वीतभर जास्त आहे!"

"थांबा सर," म्हणत मी पळत जाऊन मोटर सुरू केली. "ताईच्या आकड्यावर आलं की आवाज द्या, बंद करतो!"