पाट टायम

माझ्या इंग्लंडातल्या नोकरीचा आमच्या गावी, निरवांगीत काय घोळ झाला, ते तुम्हाला सांगितलंच नाही. शिकायला गेलो आणि तिथं एका हॉटेलात भांडी घासायला लागलो. घरी सांगायची लाज वाटायची, म्हणून वडलांना फोनवर एवढंच म्हणालो, "तात्या, पार्ट टाइम मिळालंय."

तात्या उसात उभे, रेंज तुटत होती. "पाट टायम? तितं बी पाळीच हाय व्हय?"

मला वाटलं, शिफ्टचं विचारतायत. "हो, पाळीच असते. आठवड्याला वीस तास."

"वीस तास! आरं, हितं आमाला दोन तास मिळंना!"

मला काही कळेना. म्हटलं, "वीसच्या वर गेलं तर सरकार परत पाठवतं."

"आसंच पायजे. आन पानी?"

भांड्यांचं यांना कुणी सांगितलं? हळूच म्हणालो, "गरम असतं."

"गरम!" म्हणत तात्यांनी फोन ठेवला.

पंधरा दिवसांनी आईचा फोन. "वरकुट्याचं स्थळ आलंय. तात्यांनी सांगितलंय, पोरगा तिकडं पाटकरी हाय, कालव्याचं पानी वाटतो. सरकारी नोकरी!"

तेव्हा कुठं डोक्यात उजेड पडला. तात्यांना फोनवर घेतलं आणि सांगून टाकलं, "तात्या, मी हॉटेलात भांडी घासतो."

"मग घास की, त्यात लाज कसली?" तात्या म्हणाले. "पर पाळी चालू आसताना पाट सोडून जाऊ नगंस. शेजारी पानी पळवत्यात."