ओटीवरचा कॅमेरा

दिघीच्या जेट्टीवर फेरीची रांग. माझ्यापुढे नागावच्या होमस्टेवाल्या नूतनवहिनी आणि त्यांचं नेटवर्क जोडणारा गणराज.

"वहिनी, दिरांच्या खोल्यांना वेगळी वायर कशाला? नेटचा स्विच एकच राहू दे, त्यातच दोन व्हीलॅन करतो."

"म्हंजे?"

"घर एक, चुली दोन."

"त्या कवाच झाल्या. आमचं बिलिंग भावोजींना दिसायचं न्हाय ना?"

"न्हाय. तुमचे कॅमेरेपण न्हाय."

"ओटीवरचा?"

"तोपण तुमच्याच बाजूला हाय."

"तिथं सासूबाई बसतात रे. भावोजी आमचा उंबरा चढत न्हायत. तेवढा एक त्यांना दिसू दे."

"व्हय, तेवढीच वाट उघडी ठेवता येते. वहिनींनी सांगितलं म्हणू?"

"खुळा का काय? सांग, मशीनमधी तसंच येतंय."