रविवारी जेवायला नऊ जण

मिसेस प्लॅट : ...बेल वाजवली नाही हो, माफ करा. तुमच्या कादंबऱ्यांत सगळे मागच्या दारानंच येतात, म्हणून मीही आले तशीच. मिस विंगेट ना तुम्ही? मी डोरीन प्लॅट, लीड्सहून बसनं आले.

मिस विंगेट : रविवारी मी कुणाला भेटत नाही. बरं, आलाच आहात तर पाय पुसा.

मिसेस प्लॅट : केक आणलाय. नऊ जणांना पुरेल.

मिस विंगेट : नऊ कशाला?

मिसेस प्लॅट : कशाला म्हणजे? आई-बाबा, सहा मुलं आणि ती खाष्ट आत्या! तुमच्या घरचेच ना सगळे? मनानं का कुणी एवढं लिहितं? दाराशी त्यांचे बूटही बघितले की मी.

मिस विंगेट : ते... चर्चला गेलेत सगळे.

मिसेस प्लॅट : या चिखलात, बूट घरी ठेवून?

मिस विंगेट : चर्चचे बूट वेगळे असतात.

मिसेस प्लॅट : हां, तेही खरंच. मग थांबते मी. खरं सांगू? माझा नवरा, सिरिल, आजारी होता ना, तेव्हा रोज तुमचंच पुस्तक मोठ्यानं वाचायचे. हसायचा बिचारा. तो गेला आणि रविवार खायला उठतो बघा. एकटीसाठी कोण ओव्हन पेटवणार? म्हटलं, त्यांच्या टेबलाशी एकदा बसावं. कोपऱ्यात बसेन, कुणाच्या अध्यात ना मध्यात.

मिस विंगेट : बसा आधी.

मिसेस प्लॅट : छे, बटाटे सोलते. एवढ्यांचा स्वयंपाक म्हणजे... अहो, तुमचा ओव्हन तर गार आहे. आणि तव्यावर मटणाचा एकच चॉप?

मिस विंगेट : एकच लागतो.

मिसेस प्लॅट : म्हणजे?

मिस विंगेट : बूट चर्चच्या जुन्या बाजारातले आहेत. कोण कसं चालतं ते लिहायचं असलं की घालून बघते. आत्याचे फार चावतात.

मिसेस प्लॅट : घरात कुण्णी नाही?

मिस विंगेट : एवढी माणसं कधीच नव्हती. मी एकुलती. आई गेल्यापासून मी आणि रेडिओ.

(मिसेस प्लॅट खुर्ची ओढून बसतात.)

मिसेस प्लॅट : फसवलंत हो आम्हाला. शेवटच्या दिवसांत सिरिल सारखा विचारायचा, पुस्तकातल्या धाकट्या पेगचं लग्न ठरलं का म्हणून.

मिस विंगेट : काय सांगितलंत?

मिसेस प्लॅट : पुढचं पुस्तक कुठं आलं होतं? म्हटलं, ठरलं. थाटात झालं.

मिस विंगेट : कुणाशी?

मिसेस प्लॅट : नेड म्हणून एकाशी. सुतार होता म्हटलं. सिरिलसारखाच.

मिस विंगेट : मी तर तिला एकटीच ठेवणार होते.

मिसेस प्लॅट : नका हो. एवढं नका करू.

मिस विंगेट : कोट काढा, बाई. चॉप अर्धा अर्धा खाऊ. हा तुमचा नेड जेवताना बोलतो का?

मिसेस प्लॅट : बोलायचा की. ताट गार होईपर्यंत बोलायचा.