भेगेवरची काच

सून : आधी स्टुलावरून खाली उतरा, आबा. एकाहत्तराव्या वर्षी हे काय चालवलंय? आणि हातात काच कसली?

मिस्त्री : ओरडू नकोस. थापी दे ती, सिमेंटचा माल सुकतोय. इंजिनिअर बाई अकराला येते, आणि सकाळी बघतो तर तिने जानेवारीत भेगेवर बसवलेली काच मधोमध तडकलेली.

सून : अगं बाई! म्हणजे भेग वाढतेय. काच तडकली की भिंत सरकली समजायचं, हे तुम्हीच सांगितलं होतंत.

मिस्त्री : आणि तडकलेली काच तिने पाहिली की काय होतं, तेही सांगितलं होतं. संध्याकाळच्या आत इमारत खाली. साठ बिऱ्हाडं तात्पुरत्या शेडमध्ये.

सून : नवी घरं बांधून देणार आहेत ना?

मिस्त्री : माझ्या थोरल्या भावाला दोन वर्षांत देणार होते. एकोणीस वर्षं पत्र्याखाली काढली त्याने, शेवटी तिथूनच उचलला. त्याची इमारत होती तिथे आता गाड्या ठेवायचे चार मजले झालेत. गाड्यांना मिळालं बघ पक्कं घर.

सून : पण ही पडली तर?

मिस्त्री : ही मी बांधलीय, पोरी. चोवीस वर्षांचा होतो. कारखान्यातल्या माणसांसाठी स्वस्त खोल्या, दहा बाय बारा. साहेब म्हणाला, तीस वर्षं टिकली की पुरे, तोवर सगळ्यांना मोठी घरं देऊ. म्हणून सिमेंट नावापुरतं टाकलं. मोठी घरं काही आली नाहीत. सत्तेचाळीस वर्षं झाली.

सून : मग आत काय आहे ते तुम्हाला जास्त ठाऊक.

मिस्त्री : ठाऊक आहे म्हणूनच सांगतो, एक काच तडकली म्हणून इमारत पडत नाही. झालं, बसली बघ. तारीख घाल खाली. जानेवारीचीच.

सून : तुम्ही हे आधीही केलंय.

मिस्त्री : एकदाच. मेमध्ये, तू माहेरी होतीस. काय झालं? काही नाही.

सून : आबा... मीही बदललीय.

मिस्त्री : काय बदललीस?

सून : काच. शाळा सुरू झाल्यावर एकदा, आणि मागच्या महिन्यात, तुम्ही दवाखान्यात होतात तेव्हा. पोरींची शाळा इथे समोर. शेडपासून दोन तास. तुमच्या मुलालाही बोलले नाही.

मिस्त्री : आणि काच कुठून आणलीस?

सून : सासूबाईंच्या फोटोची.

मिस्त्री : तरीच म्हटलं, हल्ली तिच्या तोंडावर एवढी धूळ कशी.

सून : मला वाटलं, आजच्या आधी दोनदाच तडकली.

मिस्त्री : मला वाटलं, आजची धरून दोनदा.

सून : म्हणजे चार.

मिस्त्री : आठ महिन्यांत चार. रात्री भिंतीत कुरकुर व्हायची, मी म्हणायचो उंदीर आहेत.

सून : पोरी त्याच भिंतीला पाय लावून झोपतात, आबा.

(दारावर टकटक.)

इंजिनिअर : मिस्त्रीकाका, येऊ ना? वा, काच शाबूत! मागच्या दोन इमारती खाली करायला लागल्या, तुमची मात्र हटत नाही. जुन्या हातांचं काम.

सून : चहा ठेवू, बाई?

इंजिनिअर : नको वहिनी, अजून तीन ठिकाणी जायचंय. 'सुरक्षित' लिहिते आणि सही करते. आता सहा महिने मी तुम्हाला त्रास द्यायला येत नाही.

मिस्त्री : सहा महिने?

इंजिनिअर : हो. एवढी शांत भिंत दर महिन्याला काय बघायची?

सून : आबा.

मिस्त्री : बाई, पेन जरा बाजूला ठेवा. त्या काचेच्या कडेला बोट लावून बघा.

इंजिनिअर : का हो?

मिस्त्री : माल अजून ओला आहे.