एकाच नंबरची सहा माणसं

तुम्ही एक्सेलला नावं ठेवा खुशाल, पण आमच्या सहा माणसांना एकजीव केलं ते त्यानेच. ऐका तर.

फुजैराच्या टर्मिनलवर तेलाची टाकी धुवायला आमची टीम जायची होती. मी दुबईच्या ऑफिसातून सगळ्यांची नावं आणि एमिरेट्स आयडी, म्हणजे इथल्या ओळखपत्राचे नंबर, साध्या टेक्स्ट फाइलमध्ये पाठवले. तिकडच्या साहेबांनी ती फाइल न बघता एक्सेलमध्ये ओतली. पंधरा आकडी नंबर दिसल्यावर एक्सेलने ते आखडून सुरुवातीचे आकडे तेवढे ठेवले. इथे प्रत्येकाचा आयडी ७८४नेच सुरू होतो, त्यामुळे सहाही जणांचा नंबर एकच झाला. साहेबांनी गेटपासही तसेच छापले.

सकाळी फोरमन हुसेनभाईंचा फोन. रत्नागिरीचे आहेत, आवाज कधी चढत नाही.

“मॅडम, मी पास दाखवून आत आलो. बाकीच्यांना कंप्युटर सांगतो, हा माणूस आधीच आत आहे.”

“अरे देवा! मग वॉचमनने परत पाठवलं?”

“नाय ओ. तो बोलला, ‘अंदर हो तो बाहर क्या कर रहे हो? यल्ला, अंदर जाओ!’”

काम झालं. संध्याकाळी साहेबांचा मेल आला: ‘रेकॉर्डप्रमाणे तुमच्या एकाच माणसाने अख्खी टाकी धुतली. उद्यापासून फक्त त्यालाच पाठवा.’

मी तो हुसेनभाईंना फोनवर वाचून दाखवला.

“पाठवतो म्हणून कळवा, मॅडम. फक्त त्याला दुपारी सहा प्लेट बिर्याणी लागते, तेवढं लिहा.”